दुसऱ्या बाईची कालवड

नाकुत मोरोतो गावच्या दवाखान्यात रांगेला बसली होती. गावोगावच्या बायकांना संस्थेच्या गाई वाटणं हे तिचं काम. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"नालेम, तुझी संस्थेची गाय व्याली का गं?"

"व्याली की. कालवड झाली."

"पहिली कालवड दुसऱ्या बाईला द्यायची ना?"

"दिली."

"कुणाला?"

"नवऱ्यानं दिली. पोरीच्या बापाला देज द्यायला एकच जनावर कमी पडत होतं."

"अगं बाई! सवत आणली?"

"मी भांडले, तर म्हणतो, तुझ्या संस्थेचाच नियम! कालवड दुसऱ्या बाईला द्या. ही माझी दुसरी बाई."

"मेल्याच्या जिभेला काही हाड! कशी आहे ती?"

"पोर आहे गं. शाळेतून उचलून आणली. आता पोटुशी आहे. चालवेना, म्हणून पाठुंगळी घेऊन आले."

नाकुतनं वळून पाहिलं. नालेमच्या मांडीवर डोकं ठेवून शाळेच्या निळ्या झग्यातली एक मुलगी निजली होती. तिनं डोळे उघडले. नाकुतच्या सदऱ्यावरचं गाईचं चित्र पाहून ती हसली.

"मावशी, मीपण आता बाई झाले ना? मला मिळेल गाय?"