एकटे की सोबत?

नाय नाय, प्रीती, वही उचलू नकोस. आधी हात पूस, ग्रीस लागलंय बोटांना — तुझ्या पप्पांच्या सायकलचंच ते. रिम बघितलीस? चाळीस वर्षं कोपरीत सायकली दुरुस्त करतोय, अशी दुमडलेली नाय बघितली. ती सरळ नाय होणार, खोटं कशाला बोलू? देवराम सर शुद्धीवर आले? — हां. येशूची कृपा. बोलतायत काही? — माझ्याबद्दल? — नाय, असंच विचारलं.

रस्ता तर व्हायलाच पाहिजे, मी काय विरोधात आहे का? खाडीच्या बंधाऱ्यावरून चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना एक पट्टा द्या — एवढंच तर मागताय तुम्ही लोक. माझाच धंदा वाढेल! म्हणून तर वही माझ्याकडे ठेवली ना सरांनी. पालिकेच्या ऑफिसात सांगितलेलं, किती लोक वापरतात ते दाखवा — तर सरांनी स्वतः पट्टी घेऊन रेघा मारल्या, मास्तर माणूस — नाव, किती वाजता, कुठून कुठे, एकटे की सोबत. मी बोललो, सर, एवढं कशाला? बोलले, बेसिल, खरी माहिती दिली की कुणी नाही म्हणू शकत नाही. खरी माहिती! पहिल्या ओळीत स्वतःचीच भरली. पावणेसहा, कोपरी ते मिठागर, एकटा. काय ते अक्षर, मोत्यासारखं.

आता सरांना उडवलं तो डंपर कुणाचा, सगळ्यांना माहीत आहे. तिवरांच्या मागे भरणी चाललीय, राडारोडा टाकतात, पहाटेच, कुणी नसतं म्हणून — आणि तुमचा रस्ता नेमका तिथूनच जातो. ड्रायव्हर बोलतो धुकं होतं. एप्रिलात धुकं! — मला कसं माहीत तो काय बोलतो? अगं, दुकानावर बसलं की कळतं सगळं... तो माणूस आलेला ना. गुरुवारी सरांना ठोकलं, त्याच्या आधीच्या सोमवारी. पांढरे बूट. बोलला, हवा भरा — हवा फुल होती बाइकमध्ये. वही चाळली, मोबाइल काढला, एकेक पानाचा फोटो, सावकाश, माझ्यासमोर. मग विचारलं, काका, ही टपरी कधीपासून आहे? कागद आहेत का? — बस, एवढंच. दुसरं काय नाय बोलला. आणि मी त्याला स्टूल दिलं. बसायला. पानं नीट दिसत नव्हती तर लाइटपण लावला मी, प्रीती. मीच लावला.

रडू नकोस. उर्सुलालापण नाय सांगितलं मी, बायको असून. तुला का सांगितलं? — मघाशी आल्या आल्या तू पेन घेऊन लिहिलंस म्हणून. पावणेसहा. एकटी. रागात लिहिलंस, कळतं मला. सगळेच रागात आहेत, सर पडल्यापासून तीन नवीन पानं भरली. पण त्याचा फोन आलेला दुपारी. विचारत होता, काका, नवीन पानं झाली का? संध्याकाळी येतो बोलला.

नाय, वही नाय देणार. वही नसली तर तो मला विचारेल — मग मी काय सांगू? या वयात मी कुठे जाऊ टपरी उचलून? तू असं कर, तुझं पान फाड. हळू. मागच्या बाजूला सोनलचं नाव आहे ना? तीपण सुटली, नशीब तिचं. — बाकीचे? बाकीच्यांचं मी काय करू, बाय? आवडाबाई सहा वाजता एकट्या चालतात, तर मी काय करू? त्यांना मी सांगितलेलं का लिहा म्हणून? — सांगितलेलं. हो. चष्मा नव्हता त्यांच्याकडे, मीच लिहून दिलं.

असं बघू नकोस माझ्याकडे. पान पर्समध्ये टाक. सायकल राहू दे इथेच. ती बाइक वळली बघ — जा, मागच्या गल्लीतून जा, जा बोलतो ना!

— या, साहेब. नाय, गिऱ्हाईक होतं. बसा ना. थांबा, लाइट लावतो.