साहेबाचा मोजायचा राहिलेला समुद्र

(सिंगापूर, क्लेमेंटीतला फ्लॅट. जेवणाच्या टेबलावर कोकण किनाऱ्याचा सागरी नकाशा पसरलेला.)

सुलभा : पण जहाज जरा किनाऱ्याजवळ नेलं, तर तुमच्या कॅप्टनचं काय जातंय?

शैलेंद्र : जहाज जाईल! हे बघ, सगळीकडे पाण्याच्या खोलीचे आकडे आहेत. आणि तुझ्या माहेरासमोर?

सुलभा : कोरं.

शैलेंद्र : कुणी मोजलंच नाही. खाली खडक आहे की गाळ, कुणाला ठाऊक!

सुलभा : त्या इंग्रज साहेबाने मोजायला हवं होतं. आमच्या खापरपणजोबांच्या होडीतून फिरायचा. आबा सांगतात ना, दिवसा दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचा, रात्री तारे बघत बसायचा.

शैलेंद्र : शास्त्रज्ञच तो. दीडशे वर्षं होत आली, अजून त्याच्याच आकड्यांवर जहाज हाकतोय आम्ही. नेमका तुमच्या गावात हिवतापाने आडवा झाला.

सुलभा : मेल्याला आणखी चार दिवस काढायला काय धाड भरली होती?

शैलेंद्र : अगं, त्यातच गेला बिचारा.

सुलभा : ...आबा तरी किती दिवसांचे? तुमच्या प्रत्येक फेरीला पेट्रोमॅक्स घेऊन टेकाडावर जातात. जावयाचं जहाज! काल वाण्याच्या फोनवरून दादा म्हणाला, आता त्यांना लांबचं काही दिसत नाही. नुसतं विचारत राहतात, आलं का, आलं का? म्हणून म्हटलं, जवळून गेलात तर...

शैलेंद्र : जहाज नाही जाऊ शकत जवळ. तू जा.

सुलभा : मी? आणि योगिनीची परीक्षा?

शैलेंद्र : स्मितावहिनी आहेत खालच्या मजल्यावर. आणि लेक काय म्हणाली सकाळी, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत? "आई, यू गो लाह!"

सुलभा : चार वर्षं झाली हो. इथे खिडकीत वारा येतो, पण त्याला सुक्या मासळीचा वास नसतो. हसू नका. जीव तुटतो माझा.

शैलेंद्र : हसत नाहीये. मी उद्या निघतो. तू विमानाने माझ्या आधी पोचशील. गुरुवारी अंधार पडला की आबांना धरून टेकाडावर उभी राहा. मी लांबूनच सिग्नलचा दिवा तीनदा दाखवीन. दिसला की त्यांना सांग, आलं.

सुलभा : आणि धुक्यात नाहीच दिसला तर?

शैलेंद्र : तरी सांग.