आमची तालीम आणि ब्रह्मदेशाची भानगड

...आन वर फोटो कुणाचा? त्या बसवेशचा! चौकात भला थोरला डिजिटल बोर्ड, काळा गॉगल लावून हाताची घडी घालून उभा हाय, आन खाली लिवलंय, 'आंतरराष्ट्रीय राजकारणाचे गाढे अभ्यासक बसवेशभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन'. आन मी? तालमीचा अध्यक्ष हाय मी, पावणं, बाळासो म्हणत्यात मला, आन माजा फोटो खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तुम्हाला सांगतो, मी जळत न्हाय. पर माणसाला काय वाटंल का न्हाय?

अवो, आमच्याच तालमीतला गडी, भुसाराचं दुकान त्याचं. हरभऱ्याची डाळ जोखता जोखता त्यानं दुकानात कंप्युटर घेतला आन त्या ऑर्कुटवर ब्रह्मदेशातल्या लष्करशाहीवर चार ओळी लिवल्या. आता ब्रह्मदेश काय गडहिंग्लजला हाय व्हय, का ह्येनं जाऊन बघितलाय? पर तिकडं टोरांटोतनं कुण्या मराठी प्राध्यापकानं उत्तर धाडलं, 'सुंदर विश्लेषण'. झालं, दोन शब्दांवर बोर्ड लागला की. आन मी इतकी वर्षं केरबाच्या चहाच्या गाडीवर पेपर वाचून अख्खं जग सांगितलं... बर्लिनची भिंत कुणी सांगितली? कुवेत कुणी सांगितलं? आन परवा मी म्हटलं, इराकात आता असं असं होणार, तर केरबा काय म्हणतोय, "थांबा जरा, बसवेशला इचारू." मला! मी जळत न्हाय, पर चहा तसाच ठेवला आन उठलो.

उठलो ते थेट राजारामपुरीत, नेटकॅफेत. तिथली मालकीण स्नेहल, तिला म्हटलं, मला दुसऱ्या नावानं एक खातं उघडून द्या. "काका, नाव काय टाकू?" म्हटलं, टाका 'पोलादी पंजा'. मी सांगायचो, ती टाइप करायची. बसवेश लोकशाहीच्या बाजूनं, म्हंजे मी हुकूमशाहीच्या, दुसरं काय कारण न्हवतं. अवो, घरात भाजी कुठली करायची हेबी मला कुणी इचारत न्हाय. पर लिवलं की, लोकशाहीत निस्ता कालवा, देशाला माणूस एकच पायजे, खमक्या.

तर हा बसवेश खाली लिवतोय, "पंजासाहेब, आपल्या मताचा आदर आहे, पण एखादं चांगलं उदाहरण द्याल का?" आदर म्हणं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माजं डोकंच फिरलं. रागाच्या भरात म्हटलं, लिवा. आमच्या कोल्हापुरात एक तालीम हाय, वर्षानुवर्षं एकच अध्यक्ष, निवडणूक न्हाय, इरोध न्हाय, गणपतीच्या आधी मिटिंग बसती, तोच उठतो, तोच म्हणतो 'हायच की मी', आन लोक मिसळ खाऊन घरला जात्यात. बघा, कसं झकास चाललंय.

स्नेहल म्हणाली, "काका, हे टाकायचंच?" म्हटलं, टाका.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर सगळी तालीम जमलेली, आन बसवेश भोळेपणानं सांगतोय, "ऐका, कुठल्यातरी तालमीत अजून निवडणूकच होत न्हाय म्हणं." सगळी हसली. मीबी हसलो. तेवढ्यात केरबानं किटली खाली ठेवली आन म्हणाला, "आपली कवा झालती वो, बाळासो?"

आठवंना... त्यास्नीबी आठवंना आन मलाबी आठवंना.

झाली मग निवडणूक. आमच्यात चिठ्ठ्याबिठ्ठ्या न्हाईत, मारुतीपुढं उभं राहून हात वर करायचा. बसवेशच्या नावाला हातांचं रान उठलं. माज्या नावाला एकच हात. कुणाचा? बसवेशचा. "वडीलधाऱ्यांचा मान हाय," म्हणतोय. मी जळत न्हाय, पर असा माणूस शेजारी असल्यावर मी करू काय, सांगा की.

आता रोज राजारामपुरीला जातोय. 'पोलादी पंजा' मोडीत काढला, आता नाव 'लोकशाहीचा शिपाई'. लिवतोय की, एकच माणूस खुर्चीला चिकटला की देश सडतो, तालीम सडती, निवडणूक दर सहा म्हैन्याला पायजे, अध्यक्ष बदललाच पायजे. लई जोरात लिवलं. आन पैलं उत्तर कुणाचं? नव्या अध्यक्षांचं. "शंभर टक्के सहमत. तुमच्यासारखी माणसं आमच्या तालमीत पाहिजे होती."