गोलासमोरचं गवत

(क्लबचं फुटबॉलचं मैदान. सचिव उभा, माळी उकिडवा.)

सचिव : रविवारी सामना, आणि गवत मेलंय हे मला आज कळतंय?

माळी : मेलं मागच्या महिन्यातच, साहेब. पिवळं आज पडलं म्हणून तुम्हाला दिसलं.

सचिव : पाणी मारलं नसणार. आठ दिवस रजेवर होतात तुम्ही.

माळी : बायको वारली होती माझी.

सचिव : हो, ते वाईटच झालं. पण कमिटीला कारण द्यावं लागतं ना. हा कागद. ‘माळी गैरहजर असल्याने गवत वाळले.’ खाली सही करा, म्हणजे विषय संपला.

माळी : विषय, की माझी नोकरी? हा स्क्रूड्रायव्हर धरा. इथं, गोलासमोर, जमिनीत दाबा.

सचिव : मी?

माळी : मुठीपर्यंत आत जायला हवा. वाका की! पोट जरा आत घ्या.

सचिव : बोटभरसुद्धा जात नाही हो.

माळी : आता तिकडे, कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी दाबा.

सचिव : इथं गेला सरळ!

माळी : पाणी दोन्हीकडे सारखंच. पण तुमच्या मेव्हण्यानं शोरूमच्या चौदा गाड्या गोलासमोर मांडल्या. मैदान ओलं असताना. मी नव्हतो तेव्हा.

सचिव : गाड्या नुसत्या उभ्या होत्या!

माळी : मग उडत आल्या असतील. माती दबून दगड झालीय. मुळांना ना हवा, ना पाणी.

सचिव : फवारायला हिरवा रंग मिळतो म्हणे.

माळी : मिळतो. तुम्ही डोक्याला काळा लावता, त्यानं केस उगवले का?

सचिव : तोंड सांभाळा! वहिनी किती गोड बोलायच्या.

माळी : तुमच्यासमोर. घरी येऊन तुमची नक्कल करायची.

सचिव : माझी? काय करायच्या?

माळी : हेच. कमरेवर हात ठेवून दुसऱ्याची चूक शोधायची. आणा तो कागद. हे बघा, मागच्या बाजूला लिहिलं : चौदा गाड्या, दोन दिवस, ओलं मैदान. खाली माझी सही. शेजारी तुमची करा.

सचिव : मेव्हणा घरात येऊन तमाशा करेल.

माळी : घरातच करेल ना? मैदानावर नको.

सचिव : द्या पेन. झाली सही. आता सामना कधी ठेवू, तेवढं सांगा.

माळी : गाड्या फिरल्या ते, कोपरे सोडून सगळं मैदान लांब दात्यांच्या लोखंडी काट्यानं टोचून मोकळं करायचंय. आम्हा नवरा-बायकोला आठवडा लागायचा. मधल्या रेघेच्या अलीकडे मी, पलीकडे ती.

सचिव : मग आता?

माळी : माझी बाजू काल झाली. तिची राहिलीय.