बंक नावाची शेळी

हसू नका गं, च्या सांडंल. आमची नात सुली कॉलेजच्या पयल्याच दिवशी रडत घरी आली.

"आजे, लेक्चर, बंक, काय काय बोलत्यात! मला न्हाई कळत. मी न्हाई जायाची."

"शेरडांची नावं कशी पाठ हायती तुला? उद्या जा, फकस्त अर्थ इचारून ये."

आली इचारून. मग आम्ही शेरडांची नावंच बदलली. दिवसभर ब्यां ब्यां करती ती लेक्चर. शिंगं रोखून बघतो तो बोकड प्रिन्सिपल. कळप सोडून पळती ती बंक.

चार दिवसांनी सकाळीच सुली वरडली, "आजे, बंक पळाली!"

"मग धर की तिला!"

"तूच धर. माझी यवतची यष्टी चुकंल!"

आन् गेली की कॉलेजला! मी आपली बंकच्या मागं.