भूल देण्याआधी वॉर्डातून निघून गेलेले माझे पती

मी अर्जदार, वय एकसष्ट, शिक्षण मॅट्रिक, घरकाम करते. नाव-पत्ता सोबतच्या अर्जावर आहे. हवालदारांच्या उजव्या हाताला प्लास्टर असल्याने त्यांनी विचारले तसे मी माझ्याच हाताने लिहून देते.

आज वॉर्डाच्या नर्सबाईंनी माझ्या ताब्यात दिलेले सामान: कापडी पिशवी एक, टॉवेल एक, थर्मास एक (झाकण आधीपासूनच नाही), चपलांचा जोड एक, दवाखान्यासाठी म्हणून नवा घेतला, एकशे दहाला, आणि वाटीत पाण्यात ठेवलेली दातांची कवळी, वरची व खालची, करायला साडेचारशे पडले. मनगटी घड्याळ कालच माझ्याकडे आले होते. सामान पूर्ण मिळाले. माझे पती मिळाले नाहीत.

पतींचे वय सदुसष्ट. घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. त्यांना हर्नियाचा त्रास असून आज सकाळी ऑपरेशन व्हायचे होते.

काल दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई खाटेशी स्टूल ओढून बसल्या आणि घाई न करता सगळे समजावून सांगितले. रात्री जेवणानंतर काही खायचे नाही, कारण पोटात असेल ते भुलीत वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. दात, घड्याळ काढून ठेवायचे. तंबाखू, दारू, चालू असलेली गोळी, काही लपवायचे नाही. मी विचारले, "सकाळी चमचाभर तीर्थ चालेल का?" त्या म्हणाल्या, "त्यांच्या वाटणीचं तुम्हीच घ्या, आजी." मग पतींना म्हणाल्या, "मी सगळा वेळ तुमच्या उशाशी असेन. जागचीसुद्धा हलणार नाही. काही विचारायचंय?"

पतींनी विचारले, "भुलीत माणूस बोलतो का?"

"पूर्ण भुलीत नाही, काका. जाग येताना कुणी कुणी बरळतं. पण ऐकत बसायला वेळ कुणाला असतो?"

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक ड्रायव्हर आहे. तो म्हणाला, "काका, मागच्या खेपेला मी शुद्धीवर येता येता सासऱ्यांचा उद्धार केला म्हणे. ते बाजूलाच उभे. तेव्हापासून बोलत नाहीत. माझा फायदाच झाला."

सगळे हसले. मीही म्हटले, "बरंच झालं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून धड दहा वाक्यं निघाली नाहीत. आता जाग येताना मी उशाशीच बसते, कानात प्राण आणून." डॉक्टरबाई म्हणाल्या, "जरूर बसा. ओळखीचा चेहरा दिसला की पेशंटला धीर येतो." पती हसले नाहीत. त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "किल्ली देत जा." मी त्याचा काही वेगळा अर्थ घेतला नाही.

आज सकाळी नर्सबाई ढकलखुर्ची आणायला गेल्या. मी वॉर्डाच्या दाराशी बाकावर जप करत होते. एक माळ पूर्ण होईपर्यंत मी डोळे उघडत नाही. उघडले तेव्हा नर्सबाई रिकामी खुर्ची घेऊन उभ्या होत्या. वॉर्डाला दुसरे दार नाही. म्हणजे पती माझ्या पुढ्यातूनच गेले. चपला खाटेखाली होत्या, त्यामुळे पाऊल वाजले नाही.

दुकान पाहिले, कुलूप आहे. बसथांब्यावर आणि बागेत विचारले. अंगावर दवाखान्याचा निळा सदरा व पायजमा आहे. तोंडात दात नसले की ते परक्या माणसाशी बोलत नाहीत. कुणी हटकले तर मान हलवतील. त्यांना मुके किंवा वेडसर समजू नये.

डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले ते सर्व चौक्यांना कळवावे. जांघेतली गाठ घट्ट झाली, दुखू लागली किंवा उलटी झाली तर एक क्षणही थांबायचे नाही. दया येऊन कुणी चहा, पाणी, बिस्किट देऊ नये. तसेच उपाशीपोटी दवाखान्यात आणावे.

हवालदारांनी विचारले, घरात भांडण? नाही. कर्ज? नाही. बाहेर कुठे जाणे-येणे? मी म्हटले, "भाऊ, ते मी त्यांना कधी विचारलं नाही."

वरील मजकूर मी मोठ्याने वाचला, हवालदारांनी ऐकला. घडले तसेच लिहिले आहे. वाचताना एक गोष्ट राहून गेल्याचे ध्यानात आले, ती जोडते.

लग्नाच्या सहाव्या वर्षी पतींना विषमज्वर झाला होता. तापात ते सारखे एक नाव घेत होते. ते कुणाचे हे मी विचारले नाही आणि इथेही लिहीत नाही. ताप उतरल्यावर त्यांनी विचारले, "मी काही बोललो का?" मी म्हटले, "पाणी मागत होतात." आणि पाणी दिले.

ज्या चौकीला ते सापडतील तिने त्यांना एवढे सांगावे, की तुम्ही भुलीत जे बोलाल म्हणून भीत आहात ते तुमच्या बायकोने त्या तापातच ऐकले आहे. त्यानंतरही ती तुमच्याच घरात आहे. तुम्हाला नको असेल तर जाग येताना ती खाली औषधाच्या दुकानापाशी बसेल. घड्याळाला किल्ली दिली आहे.

आमच्याकडे फोन नाही. माझा पत्ता घातलेली पोस्टकार्डे सोबत ठेवते, प्रत्येक चौकीस एक. आधी त्यांना दवाखान्यात न्यावे आणि मग 'सापडले' एवढाच शब्द लिहून उलट टपाली कळवावे. न सापडल्यास कार्ड टाकू नये, जपून ठेवावे.