सतरा नंबरची कॅन्डल

(जून २००६. घोडनदीकाठची धनगरवस्ती, तालुका शिरूर. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करणारी नीलम दर पंधरवड्याला इथे पाण्याचे नमुने न्यायला येते. आज तिनं भैरूआबा आणि गिताबाईंच्या घरातल्या फिल्टरचं झाकण उघडलं आहे, आणि आतली पांढरी कॅन्डल तिच्या हातात आहे.)

नीलम : मावशी, हिच्या बुडावर सतरा नंबर आहे. तुमच्या घरात तेवीस नंबरची बसवली होती. सतरा सरूबाईंची.

गिताबाई : आसंल.

नीलम : असंल म्हणजे? पाय फुटले का तिला?

भैरू : पाय कशाला फुटत्यात. सरूबाईचं घर काय लांब हाय का. बाभळीच्या पल्याड तर हाय.

नीलम : आबा, मी चेष्टा करत नाही. सकाळपासून नऊ घरं बघितली. नऊपैकी सहा घरांत दुसऱ्याच नंबरची कॅन्डल निघाली. मला वाटलं मीच चुकून भलती वही आणली.

गिताबाई : वही बराबर हाय तुमची. आमीच बदलल्या.

नीलम : आम्ही म्हणजे कोणी?

गिताबाई : मी. आन् माझ्यासंगं वस्तीतल्या समद्या बाया. पन एकेकीचं नाव लिवत बसू नका. लिवायचंच तर माझं लिवा.

नीलम : कधीपासून?

गिताबाई : नातीला, सोनमला, दवाखान्यातनं घरी आनली, त्येच्या दुसऱ्या दिशी. सवा महिना झाला.

नीलम : सव्वा महिना! आणि मी दर खेपेला फिल्टरच्या नळाखाली बाटली धरून नमुने नेतेय. आज तीन महिने पुरे झाले म्हणून झाकण उघडलं, नाहीतर वर्षभर कळलं नसतं. मावशी, काय केलंत तुम्ही कळतंय का? वरवंडच्या घरून पहाटे निघते मी. चौफुल्याला गाडी बदलते, शिरूरच्या स्टँडवर जीपची वाट बघते. बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून संध्याकाळच्या आत पुण्याला पोचवते. कुठलं पाणी कुठल्या कॅन्डलचं हेच कळेना, तर ते सगळं नेऊन ओतायचं कुठं?

भैरू : कष्ट हायती तुमचं. त्येला कुनी न्हाई म्हनत न्हाई.

नीलम : मग का असं केलंत? पहिल्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढं मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं की कॅन्डलची अदलाबदल करायची नाही.

गिताबाई : सांगितलं व्हतं. आनखी काय सांगितलं व्हतं?

नीलम : आणखी? चांदीचं सांगितलं. कॅन्डलमध्ये चांदीचे कण बसवलेत, आणि ते इतके बारीक आहेत की लोकरीच्या एका केसाच्या जाडीत हजारो मावतील. पाण्यातले जंतू त्यांनी मरतात.

भैरू : त्ये लई ब्येस सांगितलं व्हतं. मेंढरं कातरताना मी एकेक केस उनात धरून बघायचो. म्हनलं, ह्येच्यात हजार मावतील म्हंजी केवढं बारीक आसंल.

गिताबाई : तुमी जरा गप ऱ्हावा. त्येच्या म्होरं काय सांगितलं, ताई?

नीलम : पाणी उकळू नका म्हणून सांगितलं.

गिताबाई : हां. सोनम दीड वर्साची हाय. जल्मल्यापास्नं तिचं पानी मी उकळत व्हते. घरात दुसऱ्या कुनाचं न्हाई, तिचं एकटीचं. तुमी म्हनला, आता सरपन जाळू नका, ह्यो फिल्टर हाय. बाया खूश झाल्या. मीबी झाले. चुलीवरचं त्ये पातेलं घासूनपुसून फळीवर ठिवलं.

नीलम : उकळलं असतं, तर फिल्टर काम करतो की नाही ते कसं कळणार? हा अभ्यासाचा नियम आहे, मावशी. माझ्या मनचा नाही.

गिताबाई : ऱ्हाऊ द्या. मंग माझ्या तेवीस नंबरात चांदी का नव्हती?

नीलम : नव्हती हे कोणी सांगितलं तुम्हाला?

गिताबाई : माझ्या बोटांनी. चार दिसाला कॅन्डल काडून घासायचे, तर हाताला बुळबुळीत लागायची, शेवाळ धरल्यावानी. पोरगी आजारी पडल्यावर सरूबाईची काडून बघितली. तिची खरखरीत, पयल्या दिसासारखी. धुन्याच्या दगडावर समद्यांस्नी इचारलं. इस जनींची बुळबुळीत, इस जनींची खरखरीत. देव आसं मोजून निम्मंनिम्मं करत नसतोय, ताई. त्ये मानसानंच केल्यालं आसतं.

नीलम : कुठल्या घरात कुठली आहे, हे मलासुद्धा माहीत नाही. ती यादी प्रयोगशाळेत आमच्या सरांच्या कपाटात कुलपात असते. मला मुद्दाम दाखवलेली नाही.

भैरू : म्हंजी त्या कुलपातलं बायांनी धुनं धुताधुता उघडलं.

गिताबाई : कुठल्या घरात त्ये ठावं नव्हतं. पन निम्म्या घरात साधी हाय, एवढं ठावं व्हतं?

नीलम : हो.

गिताबाई : बिरोबाम्होरं हुबी ऱ्हाऊन उकळू नका म्हनलीस, तवाबी ठावं व्हतं?

नीलम : हो. पण मावशी, साधी कॅन्डलसुद्धा पाणी गाळतेच की. आणि सोनमला जे झालं ते पाण्यानंच झालं कशावरून?

गिताबाई : त्येच बघाया आली व्हतीस न्हवं?

नीलम : संमतीच्या फॉर्मवर सगळं लिहिलेलं होतं. तुम्ही अंगठा दिलात.

गिताबाई : विंग्रजीत लिवल्यालं. कागूद कुनाला वाचाया येतोय हितं. वरवंडच्या पोपटरावांची लेक, बापाचं नाव मोठं, ती कशाला फशिवंल, म्हनून अंगठा दिला. आमी तुझं त्वांड वाचलं, पोरी.

नीलम : मी खोटं बोलले नाही. सगळं सांगितलं नाही, एवढंच. आणि हे जगभर असंच करतात. औषध असो नाहीतर फिल्टर, निम्म्यांना खरं द्यायचं, निम्म्यांना साधं. सांगितलं की माणसं वेगळी वागतात. आपल्याकडची साधी आहे असं ज्याला कळेल, तो पाणी उकळेल, शेजारून आणेल. मग चांदीचा उपयोग होतो की नाही ते कधीच कळणार नाही.

गिताबाई : येगळी वागत्यात म्हंजी आपलं लेकरू वाचवत्यात. आसंच न्हवं?

नीलम : माझे शब्द फिरवू नका. काचेच्या बशीत जंतू मरतात, ते आम्ही रोज बघतो. घोडनदीच्या पाण्यात, तुमच्या घरात ते मरतात का, हे बघायला नको? उद्या हे सिद्ध झालं तर लाखो घरांत चांगलं पाणी...

गिताबाई : लाख घरांचं मला सांगू नगंस. मी माझ्या घरचं सांगते, त्ये आईक. शिरूरच्या दवाखान्यात पोरगी चार दिस सलाईनवर व्हती. हाताला शीर गावंना, म्हनून डोक्यात सुई घातली. रुपाली, माझी सून, भाईर बाकड्यावर बसल्याली. तिला रडूबी ईना. आन् मी तिच्या शेजारी बसून काय करत व्हते? तिलाच बोलत व्हते. हात न धुता भरवलं आसशील, उघड्यावरचं काय दिलं आसशील. चार दिस त्या लेकीला घालूनपाडून बोलले मी. पान्यावर माझा संशयबी गेला न्हाई. का? तर पान्यात चांदी व्हती.

नीलम : हे मला माहीत नव्हतं.

गिताबाई : कसं ठावं आसनार. तू आलीस, घरात कुनाला जुलाब झाले का म्हनून इचारलंस. मी म्हनलं, नात मरता मरता वाचली. तू वहीत बरोबरची खून केलीस आन् किती दिस म्हनून इचारलंस. मी पाच म्हनलं. पाच लिवलंस आन् सरूबाईकडं गेलीस.

नीलम : त्या रकान्यात तेवढंच लिहायचं असतं.

भैरू : आता मी बोलतो. हिचा आवाज चढाया लागला की पोरगी जागी व्हईल. ताई, मेंढरांच्या वाड्यात कवाकवा दोन मेंढ्या एकाच दिशी व्यात्यात. एकीला दूध आसतं, एकीला नसतं. तवा कुठलं कोकरू जगतंय आन् कुठलं मरतंय, ह्ये बघत आमी बसत न्हाई. उपाशी कोकरू उचलतो आन् दुसरीच्या कासंला लावतो. बायांनी तसंच केलं. ज्या घरात बारकं लेकरू, न्हाईतर दिस गेलेली बाई, तिथं खरखरीत कॅन्डल. बुळबुळीत नुसत्या म्हाताऱ्यांच्या घरात. ती उकळून पित्यात. सरूबाई एकटी हाय, तिनं तर आपल्या हातानं काडून दिली.

नीलम : म्हणून होय! मला कळेचना. महिना झाला, वस्तीतल्या एकाही लेकराला जुलाब नाहीत. निम्म्या घरांत साधी कॅन्डल असून नाहीत. मी सरांना फोन केला, म्हटलं, काहीतरी चुकतंय.

भैरू : लेकरं बरी हायती म्हनून चुकतंय?

नीलम : तसं नव्हतं म्हणायचं मला, आबा.

भैरू : मंग त्येच लिवा की. चांगली कॅन्डल लेकरास्नी दिली आन् लेकरं बरी ऱ्हायली.

नीलम : असं लिहून चालत नाही. तुमच्या घरांत आता कोण उकळतंय, कोण नाही, काहीच नक्की राहिलेलं नाही. सर एकच सांगतील, ही वस्ती अभ्यासातून काढून टाक आणि दुसरं गाव बघ.

गिताबाई : काडून टाक म्हंजी?

नीलम : इथले आकडे धरायचे नाहीत. तीन महिन्यांचं सगळं बाद.

गिताबाई : सोनमचंबी?

नीलम : सगळंच.

गिताबाई : म्हंजी तुमच्या पुस्तकात माझी नात आजारी पडलीच न्हाई. सलाईन न्हाई, डोक्यातली सुई न्हाई, उकळू नका म्हनल्यालंबी न्हाई. आन् तू फुडच्या गावात जानार, तिथल्या देवापुढं हात जोडून हुबी ऱ्हानार, आन् तिथली एखादी आजी आपलं पातेलं घासून फळीवर ठिवनार.

नीलम : मावशी, माझ्या हातात काय आहे?

गिताबाई : वही हाय. पेन हाय.

नीलम : काय लिहू?

गिताबाई : झालं त्ये लिव. आन् मला वाचून दाव.

नीलम : घर क्रमांक तेवीस. मुलगी, वय दीड वर्ष. तीव्र जुलाब, चार दिवस रुग्णालयात. कुटुंबाला पाणी न उकळण्याची सूचना देण्यात आली होती.

गिताबाई : कुनी दिली?

नीलम : अभ्यासगटानं.

गिताबाई : त्यो कुठं ऱ्हातोय? मी तर त्येला कवा बघितला न्हाई. बिरोबाम्होरं तू हुबी व्हतीस.

नीलम : बरं, खोडते ते. आता ऐका. पाणी उकळू नका, असं मी सांगितलं. निम्म्या कॅन्डलमध्ये चांदी नाही हे मला तेव्हा माहीत होतं. खाली माझी सही. चौदा जून.

भैरू : झालं की.

नीलम : झालं कुठलं, आबा. सर बघतील आणि म्हणतील, हे पान फाड.

गिताबाई : फाडायच्या आदी त्यांस्नी येवढंच इचार, त्येंच्या घरच्या फिल्टरात कुठली कॅन्डल हाय.

नीलम : विचारीन.

भैरू : बास आता. उनाची आलीय लेक, तशीच दारातनं जाऊ नये. अगं, पानी दे तिला.

नीलम : नको आबा, माझ्याकडं बाटली आहे.

गिताबाई : बाटली हाय, ठावं हाय मला. सात येळा आलीस, साती येळा तुझी बाटली. आमच्या फिल्टरचा एक घोट घेतला न्हाईस. सरूबाई म्हनायची, मोठ्या घरची हाय, आपल्यातलं प्यायची न्हाई. मी म्हनायचे, तसं नसंल, पोरीची तब्येत नाजूक आसंल. तुझ्या बाजूनं भांडले मी तिच्यासंगं.

नीलम : द्या मावशी. पिते मी.

गिताबाई : घ्या.

नीलम : हे कुठल्या घरचं पाणी आहे, मावशी?

गिताबाई : त्ये न्हाई सांगायचं, ताई. सांगितलं की मानसं येगळी वागत्यात.